फोटोत माणसं

कट्... कट्... कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं डोकं त्याच्या अंगठ्याखाली टप्प्याटप्प्यानं वळत गेलं आणि छताकडे तोंड करून थांबलं. असं केलं की उजेड आधी छतावर आदळतो, मग साऱ्या खोलीवर सारखा उतरतो, कोपरे उजळतात, खोली मोठी दिसते—दुकानदार सांगत होता आणि तो मान डोलवत होता, पण त्याचं लक्ष शेजारी स्टुलावर बसलेल्या वडिलांकडे होतं. अण्णा हौसेनं आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून. घराचे फोटो काढायचेत म्हटल्यावर त्यांनी सकाळीच पुस्तकांचं कपाट पुसलं होतं, जिन्याखालचा पसारा आवरला होता... आणि फोटो कशाला, हे एकदाही विचारलं नव्हतं.

विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं—खरंच सांगितलं असतं? ताईनं फोनवर ठरवून टाकलं होतं: घर विकायचं, अण्णांनी तिच्याकडे राहायचं, आधी जाहिरात तर जाऊ दे, त्यांना सांगायचं नंतर बघू. आणि हा धाकटा मूग गिळून बसला होता. दलालाचं म्हणणं एवढंच, की खोल्या रिकाम्या दिसायला हव्यात. अण्णांच्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी, तिथं भर दुपारी दिवा लागतो. त्या खोलीसाठी हा फ्लॅश. म्हणजे बापाच्या खोलीतून बापाला पुसायचं, आणि त्यासाठीची खरेदी त्यालाच बरोबर घेऊन करायची! त्याला स्वतःची शिसारी आली.

"चांगला दाखवा हं," अण्णा दुकानदाराला म्हणाले, "पोराला घराची फार माया."

टोमणा तर नव्हे? चोराच्या मनात चांदणं. त्यानं चोरून पाहिलं. अण्णा अगदी सरळ हसत होते, आणि तेच सोसवेना.

"फोटोत माणसं असणार का?" दुकानदारानं विचारलं.

"का?" तो दचकला.

"नुसत्या खोल्या असतील तर हा साधा पुरे. उजेड हातानं कमीजास्त करायचा. खोली काय पळून जातेय? माणसं असतील तर हा ऑटोमॅटिक घ्या. महाग आहे, पण माणूस हलतो ना."

"मी आहे की," अण्णा म्हणाले. "प्रत्येक खोलीत बसतो. पण मुळीच हलणार नाही. साधाच घे रे, उगाच खर्च कशाला?"

दुकानदार हसला. त्यालाही हसावं लागलं. आता बोलायला हवं होतं... अण्णा, फोटोत तुम्ही नाही. बस्स, एवढंच.

"माणसांचा द्या," तो म्हणाला.

आजवर तो नुसता गप्प होता, आणि गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी स्वतःची समजूत घालत आला होता. आता तेवढाही आडोसा उरला नाही. अण्णा खुशीत येऊन त्याची पाठ थोपटत होते आणि त्या हाताखाली त्याची पाठ आक्रसत चालली होती—काढा हात, अण्णा, मी त्या लायकीचा नाही... आणि तो हात तिथून निघू नये, असंही त्याला लहान मुलासारखं वाटत होतं.