लांब खोलीतला दिवा

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना काय सुचेल याचा नेम नव्हता. अवधूतराव परभणीच्या शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे नदी म्हटली की यांचं डोकं चालायला लागतं. गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीच्या काठाला आमचं थोडं रान आहे. तिथून पायी जाणारी माणसं दिसायची. कुणी गोदावरीची परिक्रमा करणारे, कुणी पाठीवर पिशव्या बांधून गावोगाव चालणारे पुण्याकडचे हौशी लोक. ह्यांच्या मनात आलं, या लोकांना पाठ टेकायला जागा करावी. मी म्हणाले, घरी पाहुणा आला की तुम्ही पेपरात तोंड खुपसता आणि आता रानात पाहुणे बोलावताय? पण ऐकतील तर ते अवधूतराव कसले.

कापसाच्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या, शेणानं सारवलेल्या दोन झोपड्या झाल्या, वर उसाच्या पाचटाचं छप्पर. मोठ्या गटासाठी पत्र्याची एक लांब खोली झाली, तिच्यात रेल्वेच्या डब्यात असतात तसे एकावर एक पलंग. ‘पायवाट’ अशी पाटी ह्यांनी स्वतः रंगवली आणि ‘वा’चा काना विसरले, तो मग मी काढला.

तिथली सगळी व्यवस्था मल्हारी आणि अंबाबाई हे नवरा-बायको पाहायचे. मेंढरं राखणारी माणसं, जन्म गेला कळपामागं चालण्यात. त्यांचा मुलगा मुंजाजी गेला आणि मल्हारीनं कळप विकून टाकला, चार शेळ्या तेवढ्या ठेवल्या. आलेल्या प्रत्येकाला अंबाबाई आधी गरम पाणी द्यायची, पाय शेकायला. लोक चार दिवसांनी फोन करून तिच्या भाकरीची आठवण काढत. ह्यांच्या भूगोलाची कुणी काढली नाही.

पौषात रामप्रसादकाका आले. वय झालेलं, एकटेच नदीकाठानं चालत निघालेले, कमी बोलणारे. भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, अंबाबाईला ‘ताई, पोट भरलं’ म्हणाले आणि लांब खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर आडवे झाले. सकाळी चहाला उठलेच नाहीत. पोलीस आले, पंचनामा झाला. त्यांचा मुलगा गंगाखेडच्या दवाखान्यातूनच त्यांना परस्पर घेऊन गेला. आमच्याकडे तो फिरकला नाही, आणि त्या दिवशी त्याला तरी कसलं भान असणार.

त्याच संध्याकाळी अंबाबाईनं तो पलंग बाजूला ओढला. फरशी पुसली, पीठ पसरलं, त्यावर टोपली उपडी घातली आणि शेजारी दिवा लावला. माणूस जिथं जातो तिथं दहाव्यापर्यंत दिवा तेवत ठेवायचा आणि दहाव्याला टोपली उचलून पिठात कुणाचं पाऊल उमटलंय ते पाहायचं, पाखराचं असलं तर जीव सुटला म्हणायचं, ही रीत आमच्यातही आहे. पण ती घरच्या माणसासाठी. मी तसं बोलून दाखवलं.

“बाई, माझ्या मुंजाजीला कोणतं घरचं माणूस व्हतं?” अंबाबाई म्हणाली.

मुंजाजीची गोष्ट मला ठाऊक होती. मेंढरं घेऊन बापलेक विदर्भात उतरले होते. मल्हारी रानात कळपापाशी आणि पोरगा ताप भरला म्हणून गावातल्या एका ओसरीवर झोपलेला. तिथंच तो गेला. तिथंच माती दिली. मेंढरं दुसऱ्याच्या रानात किती दिवस थांबणार, मल्हारी डोळे पुसत पुढं निघाला. अंबाबाई इकडे घरी होती. तिला लेकराचं तोंडही दिसलं नाही. पुढं महिन्यानं ती त्या गावाला गेली, तेव्हा त्या घरच्या मालकिणीनं तिला ओसरीतला कोपरा दाखवला. म्हणाली, इथं दिवा लावला होता बाई, दहावं होईपर्यंत विझू दिला नाही. आणि पाऊल पाखराचं उमटलं.

“त्या माउलीनं माझ्या लेकराला परकं धरलं न्हाई,” अंबाबाई म्हणाली. “म्हणून मी जगले. न्हाईतर माझं काय खरं नव्हतं. आता हे काका माझ्या दारात गेलेत. त्यांचा दिवा मी कशी इझू देऊ?”

मी तेलाची बाटली आणून दिली.

अंबाबाईनं दिवा जपला. स्वयंपाक करता करता मधेच उठून जायची, वात सारायची, तेल घालायची. शेळीचं करडू आत शिरू नये म्हणून दाराला आडवी फळी लावली. मल्हारी एरवी कशात बोलत नाही, पण तोही येता-जाता आत डोकावून जाई. मुंजाजी गेल्यापासून अंबाबाई इतकी धीराची मी पाहिली नव्हती.

आणि नेमका दहाव्याच्या आदल्या दिवशी पुण्याचा गट येणार होता. महिनाभर आधी ठरलेलं. वीस-बावीस माणसं, म्हणजे लांब खोली हवीच. त्या दिवशी उजाडल्यापासून अवधूतराव येरझाऱ्या घालायला लागले.

“अंबाबाई, त्या खोलीत मयत झालंय हे कळलं तर कुणी पाय ठेवणार नाही इथं,” ते म्हणाले. “आज काढू या दिवा. देवाला सगळं कळतं.”

“एक दिस राहिलाय सर. एकच दिस. त्यांना मी माझ्या खोलीत झोपवते, आमी शेळ्यांपाशी पडतो.”

“वीस माणसं तुमच्या खोलीत?”

ह्यांचंही अगदीच चुकत होतं असं मला म्हणवत नाही. ‘पायवाट’वर माणसं नुकती कुठं यायला लागली होती. पण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मी म्हणाले, गटाला गंगाखेडला लॉजवर पाठवा. तर म्हणाले, झोपडीत राहायला म्हणून पुण्याहून येणारी माणसं लॉजवर जातील का? यांना प्रत्येक प्रश्नावर प्रश्न विचारायची शाळेतली खोड.

थोड्या वेळानं त्यांनी अंबाबाईला दूध आणायला गावात धाडलं. ती गेली तसे ते लांब खोलीत गेले. फुंकर मारायचं त्यांच्या जिवावर आलं. दिव्यातलं तेल ओतून घेतलं आणि वात आपोआप विझेपर्यंत उभे राहिले. मग टोपली उचलली, पीठ झाडून शेळ्यांपुढं टाकलं, उदबत्त्या लावल्या, पलंग जागेवर सरकवला.

“पिठात काही होतं का?” मी विचारलं.

“मी पाहिलं नाही,” ते म्हणाले. चेहरा उतरला होता.

अंबाबाई दूध घेऊन आली. खोलीच्या दाराशी उभी राहिली. मला वाटलं आता ती आकांत करील, मल्हारीला हाक मारील, दोघं बोचकं बांधून निघून जातील. तसं काहीच झालं नाही. “एकच दिस व्हता,” एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. संध्याकाळी गट आला. गाणी झाली, हुरडा झाला, तिच्या ठेच्याचं कौतुक झालं. खिडकीजवळच्या पलंगावर कॉलेजातली एक मुलगी गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी गट नदीवर गेला होता. दुपारच्या सुमारास फाटकापाशी एक गाडी थांबली. उतरलेल्या माणसानं डोकं भादरलं होतं. मला लगेच कळलं.

“मी अमृत. रामप्रसादांचा मुलगा,” तो म्हणाला. “गंगाखेडला घाटावर बाबांचं दहावं केलं. म्हटलं, ते जिथं गेले ती जागा बघून जावी.”

अवधूतरावांनी त्याला लांब खोलीत नेलं. मीही मागोमाग गेले. पलंगावर त्या मुलीचा टॉवेल आणि मोबाइलचा चार्जर पडले होते, ते ह्यांनी पटकन उचलून पाठीमागे धरला. अमृत त्या पलंगाकडे बघत राहिला.

“घरी दिवा लावला होता आम्ही,” तो म्हणाला. “पण पिठात काहीच उमटलं नाही. आत्या म्हणाली, कसं उमटेल, जीव तिकडं घुटमळत असणार. काका, इथं कुणी दिवा लावला होता का हो?”

अंबाबाई त्याच्यासाठी चहा घेऊन दारात येऊन उभी होती.

“लावला होता ना,” अवधूतराव म्हणाले. “आमच्या अंबाबाईंनी. घरच्या माणसाचा करावा तसा. एकदाही विझू दिला नाही. आज सकाळीच टोपली उचलली.”

“आणि पाऊल?”

हे क्षणभरही थांबले नाहीत. “पाखराचं होतं,” ते म्हणाले. “अगदी स्पष्ट.”

तो एवढा मोठा बाप्या माणूस, ओक्साबोक्शी रडायला लागला. ह्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हेसुद्धा रडत होते, खोटं नाही सांगत. मग अमृत वळला आणि अंबाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. “मावशी, तुमचे उपकार कसे फेडू,” म्हणाला. तिनं त्याला उठवलं नाही, आशीर्वादही दिला नाही. नुसती उभी राहिली. तो गेला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

मला ह्यांचा राग आला नाही. त्या लेकराला याहून बरं काय देता आलं असतं? अंबाबाईलाही बरं वाटलं असेल अशा समजुतीनं मी चुलीपाशी गेले. ती हातात पीठ घेऊन बसली होती. तवा तापून लाल झाला होता आणि भाकरी थापलेली नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, “सर किती गोड बोलले. डोळ्यात पाणी व्हतं त्यांच्या.”

“हो.”

“त्या मालकिणीच्या डोळ्यात बी व्हतं.”

मी तिच्याजवळ बसले. “अंबाबाई, भलतं मनात आणू नका. तिनं दिवा लावलाच असणार. कुणी असं उगीच सांगतं का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहान पोर थोरल्या माणसाकडे बघतं तसं.

“मुंजाजीचा बाप तर मेंढरांमागं निघून गेला व्हता,” ती म्हणाली. “तिथं आमचं कुणीच नव्हतं. मंग आता खरं कुणाला इचारू मी?”