पाठीचं दार

बाईंनी पटाशीने साल उचकटली आणि हात तिथेच थांबवला. ओंडक्याच्या एका भोकात काहीतरी हललं होतं.

गोदीवर त्यांना सगळे भुंगेवाल्या बाई म्हणत. बाहेरून आलेल्या लाकडात कीड निघाली की ती कोणती हे सांगायला त्यांना बोलावणं यायचं. पण त्यांचं खरं आयुष्य गेलं ते एका वेगळ्याच भुंग्यामागे. लाकडात राहणारा, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या अख्ख्या प्रजातीकडे दुसरं कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. संग्रहालयात टाचणीने टोचलेले जुने नमुने तेवढे होते. "किड्यांपायी जन्माचा भुसा केलास," असं आई शेवटपर्यंत म्हणायची. "बारीक भुसा आहे गं, आई," म्हणून बाई हसायच्या.

आता त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. तोच. जिवंत. डोकं आत, पाठीचं चपटं टोक भोकाच्या तोंडाशी. ते टोक कशासाठी, हे त्यांना कधीच उलगडलं नव्हतं. चिमट्याने अलगद बाहेर ओढलं, तशा आत पांढऱ्या अळ्या वळवळल्या. ही आई होती. पाठीचं दार करून बसली होती.

बाईंना हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले.

"कीड धोक्याची आहे का, मॅडम?" गोदामाच्या साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

"मग गॅस मारावाच लागणार."

"एवढा तुकडा कापून द्या मला. प्रयोगशाळेत बंद करून ठेवते."

"जिवंत कीड फाटकाबाहेर गेली तर माझी नोकरी जाईल हो."

बाई मुकादमाकडे वळल्या. "काका, हे लाकूड जिथून आलं, तिथे अजून अशी झाडं असतील ना?"

मुकादमाने ओंडक्यावर हात ठेवला.

"मालाबरोबर तिथला माणूस आला होता, ताई. म्हणत होता, डोंगर साफ झाला. ही शेवटची खेप."

बाईंनी चिमट्यातली ती आई मुठीत घेतली आणि बाकीचे ओंडके पाहिले. एकातही काही नव्हतं. परत आल्या तेव्हा साहेबांनी इकडेतिकडे बघत गोळ्यांची रिकामी डबी पुढे केली.

"हा एक घेऊन जा. मी काही पाहिलं नाही."

बाईंनी मूठ उघडली. ती बोटांच्या फटी चाचपत होती, कुठेतरी आत शिरायला. ओंडक्याच्या उघड्या भोकाशी आतल्या अळ्यांसाठी मुंग्या जमल्या होत्या.

बाईंनी फुंकर मारून मुंग्या उडवल्या आणि तळहात भोकाशी टेकवला. ती आत सरकली. पाठ घट्ट बसली.

ताडपत्री ओढली गेली. कडांवर वाळूच्या पिशव्या पडल्या. गॅसवाल्याने मुखवटा चढवण्याआधी रोजच्यासारखी हाक दिली,

"आत कोणी राहिलं नाही ना?"

हमाल एकेक करून "नाही" म्हणाले. सगळ्यांनी सांगितल्याशिवाय त्याला नळ उघडता येत नसे. तो थांबला.

"बाई?"

त्यांनी मान हलवली. ती खूण त्याला नीट कळली नाही. त्याने पुन्हा विचारलं.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.