कुलूपवाल्या आजोबांचे गाणे

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझे झाकण एका बाजूने निखळले आहे आणि गाणे मागे नेण्याचे बटण झिजून गुळगुळीत झाले आहे. त्या बटणाचा मला अभिमान वाटतो. ते आमच्या बाईंनी झिजवले.

कामधंद्यासाठी दुरून आलेल्या मोठ्या माणसांना बाई इथली भाषा शिकवत. दिवसभर राबून आलेली ती माणसे व्याकरण काढले की पेंगत. म्हणून बाईंनी मला आणले. त्या सिनेमातले गाजलेले गाणे लावत, एका ओळीवर थांबवत, मागे नेत, पुन्हा लावत. कधी नावाड्यांचे जुने गाणे लावत. मग शब्द सुटे करून सांगत आणि नावाडी काठावरच्या कोणाला साद घालतो, तेही सांगत. हळूहळू सारा वर्ग गुणगुणू लागला.

वर्गात कुलपे दुरुस्त करणारे एक आजोबा होते. त्यांची नात इथेच जन्मलेली. तिला त्यांची भाषा येईना, त्यांना तिची. एका घरात राहून दोघे मुक्यासारखी. म्हणूनच ते शिकायला आले होते, पण वर्गात चकार शब्द काढत नसत. गाणे मात्र ओठांतल्या ओठांत म्हणत.

एकदा भाजीवालीने भाव चढा सांगितला. आजोबांना दुसरे काही सुचेना, म्हणून त्यांनी सिनेमातल्या नायकाची ओळच ऐकवली, "हल्ली फारच महाग झालीस गं!" ती पोट धरून हसली आणि दोन लिंबे वर टाकली. तेव्हापासून त्यांची भीड चेपली.

एका संध्याकाळी ते नातीला घेऊन आले. नावाड्यांचे गाणे त्यांनी पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात म्हटले. नातीने त्यांचा एक उच्चार सुधारला आणि विचारले, "आजोबा, तुमच्याकडे नाही का असं गाणं?"

 बाईंनी कोरी कॅसेट घातली आणि माझे लाल बटण दाबले. आजोबांनी आपल्या आईचे अंगाईगीत म्हटले. मध्येच आवाज फाटला, तरी ते थांबले नाहीत. नात त्यांच्या गुडघ्यावर कोपर टेकून म्हणाली, "हळू म्हणा ना. मला शिकायचंय."

पुढच्या आठवड्यात आजोबा फळ्याजवळ उभे राहून ते गाणे शिकवत होते आणि बाई बाकावर बसून चुकत चुकत म्हणत होत्या. एवढा मनाचा मोठेपणा मी क्वचितच पाहिला.

ती कॅसेट बाईंनी नातीला दिली. आजोबा गेले, पण नात आता आपल्या मुलाला तेच गाऊन निजवते. गाणी फोनवर आली, बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

मित्रांनो, जमल्यास माझ्यावरून एकदा फडके फिरवा. ते राहिले तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणाच्या तरी गळ्यात एखादे गाणे असेलच, जे कुठल्याच यंत्रात सापडणार नाही. आज जेवणे झाली की त्यांच्याजवळ जाऊन बसा. गाणारे माणूस समोर आहे, तोवरच ते शिकता येते.