पाचवी सभासद

येरवड्याच्या वस्तीत शर्मिलाच्या इडली-डोशाच्या पिठाला नाव होतं. चार वर्षांपूर्वी तिने एका फायनान्स कंपनीच्या महिला गटातून कर्ज काढून ग्राइंडर घेतला होता. आता विमाननगरच्या दोन सोसायट्यांत रोज तिच्या पिठाच्या पिशव्या जात. कंपनीने तिला कार्यक्रमात दोनदा स्टेजवर बोलावून शाल दिली होती. "बाईने मनावर घेतलं तर गरिबी टिकतच नाही," असं ती तिथे म्हणाली होती, आणि तिला ते अगदी मनापासून वाटत होतं.

गटातली राजनंदिनी गट सोडून लांब मांजरी गावात राहायला गेली आणि अडचण झाली. पाच जणी पुऱ्या असल्याशिवाय कुणालाच नवं कर्ज मिळणार नव्हतं, कारण पाची जणी एकमेकींना जामीन असत. शर्मिलाला तर दुसरा ग्राइंडर हवा होता. तिला गल्लीच्या टोकाला राहणारी यमुनाबाई आठवली. वाशिमकडची, पन्नाशीची, नवरा गेलेला. प्लास्टिक-पत्रा वेचून भंगारवाल्याला विकायची.

"मावशी, गटात या. पंचवीस हजार मिळतील. भाजीची गाडी लावा."

यमुनाबाई पोत्यातल्या बाटल्या निवडत होती. "मले कर्ज नको वं बाई. कुठं महिन्याचं काम असंल तर सांग."

"काम दुसऱ्याचं असतं मावशी. धंदा आपला असतो. माझ्याकडे बघा ना."

शर्मिलाने आठवडाभर गळ घातली. शेवटी यमुनाबाईने अंगठा दिला. कंपनीचा योगेश टॅब घेऊन आला, फोटो काढले, आणि पंधरा दिवसांत गाडी उभी राहिली. शर्मिलाचं कर्ज मात्र नव्या सभासदाचं पहिलं कर्ज फिटल्यावरच मिळणार होतं. सुरुवातीला भाजी चांगली खपली. यमुनाबाई धुतलेलं लुगडं नेसून गाडीवर उभी राहायची, आणि शर्मिला जाता-येता तिच्याकडे कौतुकाने बघायची.

दीड महिन्याने यमुनाबाईला डेंग्यू झाला. अकरा दिवस ती अंथरुणावर होती. गाडीवरची भाजी सडली, गल्ल्यातले पैसे औषधात आणि खाण्यात गेले. उठून उभी राहिली तेव्हा मार्केट यार्डातून माल आणायला हातात काही उरलं नव्हतं.

हप्ता चुकला. मीटिंगला सगळ्या शर्मिलाच्या घरी जमल्या. गटातली सुशीलाबाई कुणाचंच ऐकून घेणारी नव्हती. "गटप्रमुख बाई, आपण स्टेजवर इतकं छान बोलता. मग हप्ताही आपणच भरा की. आम्ही कशाला?"

"आजारी होती हो ती."

"आजारी आम्हीही पडतो. पण आणलं कुणी तिला गटात?"

त्या दिवशी चौघींनी वर्गणी काढून हप्ता भरला. पुढच्या खेपेलाही हप्ता चुकला, तेव्हा सुशीलाबाई सगळ्यांना घेऊन थेट यमुनाबाईच्या दारात जाऊन बसली. शर्मिलाला जावंच लागलं. यमुनाबाई आतून गाडीवरचा वजनकाटा घेऊन आली आणि तिने तो शर्मिलापुढे ठेवला.

"हा इका. गाडी बी इका. पण दारात बसू नका, लोक पाह्यतेत."

शर्मिलाला मान वर करता येईना. काट्याला हात न लावता ती उठली, आणि बाकीच्यांनाही तिने उठवलं.

घरी आल्यावर तिला जुनी गोष्ट आठवली. पहिल्याच वर्षी तिच्या ग्राइंडरची मोटर जळाली होती. महिनाभर पीठ बंद. पण तिचा नवरा अभय एका आयटी कंपनीची बस चालवतो. त्याच्या पगारात घर चाललं, हप्तेही गेले. स्टेजवर हे तिने कधी सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असं नाही. सांगण्यासारखं काही आहे, हे तिला सुचलंच नव्हतं. यमुनाबाईच्या मागे मात्र कुणाचा पगार नव्हता. आणि आपल्याला तरी तिची गरिबी दिसली होती, की गटातली रिकामी जागा?

दोन महिने तिने यमुनाबाईचे हप्ते आपल्या पिठाच्या पैशांतून भरले. अभय एकदाच म्हणाला, "असं किती दिवस?" पीठ पोचवायला जाई तिथे ती ओळखीच्या बायकांना यमुनाबाईसाठी काम आहे का, विचारू लागली. तिसऱ्या महिन्यात एका सोसायटीत सफाईचं काम निघालं. पगार फार नव्हता, पण दर महिन्याच्या सात तारखेला खात्यात जमा होत होता, आणि आठवड्याची सुट्टी होती. यमुनाबाईने गाडी विकली. उरलेले हप्ते तिने स्वतः भरले, शर्मिलाचे पैसेही थोडे थोडे करून फेडले.

कर्ज संपलं त्या दिवशी योगेश खुशीत होता. "मावशी, रेकॉर्ड चांगलं आहे. आता चाळीस हजार मिळतील."

"नको रे बाबा," यमुनाबाई हसून म्हणाली. "सही कुठं करायची ते सांग, अन् माहं नाव काढ."

वस्तीतल्या क्लासात ती नुकतीच सही शिकली होती. तिने ती सावकाश, टॅबवर बोट दाबून केली आणि कामाला उशीर होतो म्हणून निघून गेली.

योगेश शर्मिलाकडे वळला. "म्हणजे पुन्हा चारच उरल्या. तुमचा दुसरा ग्राइंडर अडला. कुणी आहे का बघण्यात?"

शर्मिलाला खरंच ग्राइंडर हवा होता. सणासुदीच्या ऑर्डरी एकट्या यंत्राला झेपत नव्हत्या. समोरच्या खोलीत नवीन आलेली एक बाई दारात बसून लसूण सोलत होती. शर्मिलाने तिच्याकडे पाहिलं.

"थांब," ती योगेशला म्हणाली. "आधी तिच्याशी जरा बोलून येते. तिच्या घरी कमावतं कोण, ते विचारते."