उसन्या गरिबीची इस्त्री

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे आणि माझं डोकं भयंकर फिरलेलं आहे. पोटात निखारे असतानाही मी जेवढी कधी तापले नव्हते, तेवढी तीन आठवडे काचेच्या पेटीत थंड बसून तापले. मित्रांनो, का ते ऐका.

लोखंडाच्या रसातून मला ओतलं. सात किलो वजन, अंगाला धूर सोडायला भोकं आणि वर लाकडी मूठ. मला विकत घेतलं कडक मावशीनं. तिची इस्त्री कडक आणि जीभही कडक, म्हणून हे नाव. एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली तिनं धंदा मांडला. टेबल म्हणजे एक जुनं दार, त्यावर घोंगडी. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांची धूळ कपड्यांवर पडायची, म्हणून तिनं डोक्यावर चादर ताणून बांधली. झालं दुकान!

माझी कामगिरी काय वर्णावी? एका वकिलाच्या कोटाला मी अशी इस्त्री केली, की कोट एकटाच कोर्टात गेला आणि खटला जिंकून आला. मावशीला विचाराल तर ती नाही म्हणेल. तिला बढाई मारता येत नाही, म्हणून ते खातं माझ्याकडे.

मावशी डावखुरी. बारा वर्षं तिच्या अंगठ्यानं घासून माझ्या मुठीला डाव्या हाताचा खळगा पडला. बारा वर्षांनी एका हॉटेलचा मॅनेजर आला. रोज साठ शर्ट, सकाळी आठच्या आत. मावशीनं शेजारचा रिकामा गाळा बाहेरून तीनदा पाहून घेतला.

आणि त्याच आठवड्यात ती तापानं पडली. तिच्या दिराला साफसफाईची हुक्की आली. त्यानं मला उचललं आणि भंगारात घातलं. वर तिलाच म्हणतो, "वहिनी, आता विजेची घ्या की!" अरे गाढवा, जिन्याखाली वीज होती कुठे? होती ती तेवढी तिच्या जिभेत. ती त्या दिवशी त्याच्यावर पडली, हे बरं झालं.

मावशी कुणाची तरी हलकी इस्त्री मागून आणू लागली. जीव तोडून वीस शर्ट व्हायचे. मॅनेजर म्हणाला, "सोमवारपासून साठ नाही झाले, तर मी दुसरीकडे देतो."

आणि मी? मी रस्त्याच्या पलीकडेच होते! मोठ्या लाँड्रीच्या दिवाणखान्यासारख्या दालनात, काचेत. त्या लाँड्रीच्या संस्थापक साहेबांना वडिलांकडून आठ मशिनं, दोन गाड्या आणि इमारत आयती मिळाली होती. पण हल्ली मोठ्या माणसाला नुसता पैसा पुरत नाही, लहानपणीची गरिबीही लागते. ती घरात सापडेना, म्हणून साहेबांनी भंगारवाल्याकडून मागवली. ती गरिबी म्हणजे मी! भंगारवाल्यानं दिराकडून ऐकलेली माझी हकिकत सांगितली, तीही त्यांनी उचलली. माझ्याखाली पाटी लागली: 'याच इस्त्रीने आमच्या संस्थापकांनी बारा वर्षे जिन्याखाली घाम गाळला.' बघा! मेल्यानं जिनासुद्धा सोडला नाही.

शनिवारी शाळेची सहल आली. मुलं काचेवर नाकं दाबून उभी, साहेब त्यांच्या वह्यांवर सह्या करता करता आपल्या घामाचं वर्णन करतायत, आणि दारातून मावशी आत आली. तिनं मला रस्त्यावरूनच ओळखलं होतं.

"साहेब, ही माझी इस्त्री."

"बाई, पाटी वाचा."

"पाटी तुमची असेल, खळगा माझ्या अंगठ्याचा आहे. डाव्या हाताचा. तुम्ही आत्ता मुलांच्या वह्यांवर सह्या उजव्या हातानं केल्यात."

साहेब जराही अडखळले नाहीत. "मी पूर्वी डावखुरा होतो," ते म्हणाले.

मुलं खो खो हसली. शिक्षिकेनं डोळे वटारले, पण तिचेही ओठ हलत होते.

"मग एक कापड करून दाखवा," मावशी म्हणाली. "निखारे मी आणते."

"दाखवा, दाखवा!" मुलांनी गलका केला. आता माघार कशी घेणार? मावशी पत्र्याच्या डब्यात निखारे घेऊन आली. तीन आठवड्यांनी माझ्या पोटात जीव आला. साहेबांनी कोट काढून टेबलावर पसरला, दोन्ही हातांनी मला उचललं आणि एकदा फिरवलं. तेवढ्यात त्यांना आपला संघर्ष आठवला.

मला कोटावर तशीच ठेवून ते मुलांकडे वळले. "बाळांनो, कष्टाला पर्याय..."

"सर, धूर!"

मित्रांनो, शपथेवर सांगते, मी काहीही केलं नाही. ठेवलं तिथे बसले. कोटाच्या पाठीवर माझा तळ काळाकुट्ट उमटला.

मावशीनं डाव्या हातानं मला उचललं. "बोलताना हात थांबला की कापड जळतं, साहेब. पहिल्याच दिवशी कळतं हे. तुम्ही तर बारा वर्षं केलंत."

"घेऊन जा ते भंगार!" साहेब ओरडले.

ती घेऊन आली. सोमवारी साडेसातला साठ शर्ट घडी होऊन तयार होते. मॅनेजरनं मोजले, मान हलवली आणि मावशी तडक गाळ्याच्या मालकाकडे गेली.

तरी माझा राग गेलेला नाही. कारण पलीकडे पाटी तशीच आहे आणि पेटीत दुसरी कुणाची तरी इस्त्री आणून बसवली आहे. ती कुठल्या जिन्याखालून आली, तिच्यावाचून आज कुणाचं काम अडलंय, कोण जाणे. थंड पोटानं बिचारी बोलणार तरी कशी?

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवते. ज्याचं हत्यार त्याच्या हाती राहू द्या. ते जुनं झालं म्हणून त्याला न विचारता विकू नका. आणि कुणी तुम्हाला आपल्या कष्टांची गोष्ट सांगू लागला, तर टाळ्या वाजवायची घाई करू नका. आधी एक चुरगळलेला शर्ट पुढे करा.