इंजिनाचं धुवण

उमापुरात रेल्वे आली नव्हती आणि येण्याची चिन्हंही नव्हती. पण सुंदररावांच्या ओसरीवर मात्र गेली दोन वर्षं एक इंजिन येऊ घातलं होतं. बीडच्या रेल्वेसारखंच. आज येतं, उद्या येतं, आणि दर वेळी कुठंतरी अडतं. गल्लीतली माणसं जाता-येता विचारायची, "फोरमनसाहेब, सुटली का गाडी?" सुंदरराव चष्म्यावरून बघत म्हणायचे, "सिग्नल न्हाई मिळाला अजून." तोवर सगळं हसण्यावारी होतं.

सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात नाहीतर भावकीशी भांडायला लागतात. सुंदरराव इंजिनाला लागले. लहानपणी परळीच्या स्टेशनात फुसफुसणारं काळं इंजिन त्यांनी पाहिलं होतं, ते डोक्यातून उतरलंच नव्हतं. भाचा विलायतेत नोकरीला. त्यानं तिकडून एक खोकं आणून दिलं. खोक्यात इंजिन नव्हतं. पितळेचे पातळ पत्रे होते आणि त्यांवर तेजाबानं कोरलेले इंजिनाचे सुटे भाग. ते पात्यानं सोडवायचे, कोरलेल्या रेघेवर दुमडायचे, खुंटी खाचेत बसवायची, कथलाचा डाग द्यायचा, की झालं हातभर लांबीचं इंजिन तयार. निदान सोबतच्या कागदावर तरी होत होतं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. खुंटी जाड आणि खाच बारीक. बॉयलरचा पत्रा गुंडाळावा तर दोन्ही कडा एकमेकींना भेटतच नव्हत्या. डावीकडची चाकांची भोकं आणि उजवीकडची भोकं एका रेषेत नाहीत, म्हणून इंजिन रुळावर ठेवलं की कुत्र्यानं तंगडी वर करावी तसं एक चाक अधांतरी राहायचं. ज्यानं कुणी हे खोकं भरलं, त्यानं स्वतः ते कधी जोडून पाहिलं नसावं. सुंदरराव त्याला मराठीत शिव्या द्यायचे, डाग वितळवून सगळं सुटं करायचे, कानसीनं घासायचे आणि पुन्हा डाग द्यायचे.

आता डाग म्हटला की कथलाला वाट दाखवणारं पाणी लागतं. कागदावर कसलंतरी सौम्य औषध सांगितलं होतं. पण चाळीस वर्षं फिटरकी केलेला माणूस कागदाचं ऐकतो होय? सुंदररावांनी कारखान्याच्या पद्धतीनं तेजाबात जस्ताचे तुकडे विरवून आपलं जालीम पाणी केलं होतं. ते पितळेवर राहिलं तर पितळ हिरवं पडतं, म्हणून दर डागानंतर इंजिन पातेल्यात बुडवून चांगलं खळबळून धुवायचं. खोकं धड असतं तर एकदाच धुऊन भागलं असतं. ह्या वाकड्या खोक्यापायी रोज धुणं होतं, आणि तेही पाऊस पाठ फिरवून गेलेल्या वर्षात.

माजलगावचं धरण तळाला गेलं होतं, ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं थंड होतं आणि गावाला टँकरचं पाणी. सत्यभामाबाई, म्हणजे सुंदररावांची बायको, टँकरच्या रेट्यात कोपरं खाऊन पाणी आणायची आणि नवरा त्यात खेळणं धुवायचा. सुरुवातीला तिनं विचारलं होतं, "अवो, ह्यात काय पडतं? पाणी वाया जातंय का?" सुंदरराव शरमले होते. तेजाबाचं नाव काढलं तर बाई बाटलीसकट इंजिन उकिरड्यावर फेकील, ही धास्तीही होती. म्हणून ते बोलून गेले, "निव्वळ पाणी हाय. जराशी धूळ आसती पितळंची." आणि आपणच गुपचूप पातेलं उचलून मागच्या उकिरड्यावर ओतायचे. म्हणजे काय ओततोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गल्लीत मात्र एक रीत पडली होती. कुणी पाण्याचा थेंब फेकायचा नाही. तांदळाचं धुवण, भांड्यांचं खंगाळलेलं पाणी, जे असेल ते मनकर्णेच्या दारातल्या दगडी डोणीत ओतायचं. मनकर्णा मेंढपाळाच्या घरातली. मेंढरं नवऱ्यानं पाण्यामागं लांब नेली होती. ती एकटी मागं राहिली होती एका गाभण कालवडीसाठी. पहिलटकरीण होती कालवड. ती व्याली की मनकर्णेचं नाव दूध सोसायटीत लागणार होतं. त्या सोसायटीचे चेअरमन सुंदररावच. त्यांनीच तिला म्हटलं होतं, "तुझी चरवी आली की पहिलं माप मी घेतो बघ." गल्लीनं त्या कालवडीला आपल्या धुवणावर जगवलं होतं.

एका दुपारी सोसायटीतून बोलावणं आलं आणि सुंदरराव धुतलेलं इंजिन फडक्यात गुंडाळून तसेच निघून गेले. पातेलं ओसरीवर राहिलं. सत्यभामाबाईनं बघितलं, निव्वळ पाणी, जराशी धूळ. तिनं ते नेऊन डोणीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी कालवडीच्या तोंडाला फेस होता आणि तिला हगवण लागली होती. मनकर्णा तिच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं जबडा उघडून पाहिला, आतून सोललेलं होतं. "काय खाल्लं हिनं?" त्यानं विचारलं.

"सोसायटीची पेंड," मनकर्णा म्हणाली. "दुसरं हायच काय खायाला?"

सुंदरराव गर्दीत मागं उभे होते. त्यांनी डोणीकडं पाहिलं. डोणीच्या काठावर पांढुरकी पुटं धरली होती. ती त्यांनी ओळखली, कारण तसलीच पुटं त्यांच्या पातेल्याला धरत होती. बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर सगळी गल्ली होती, आणि सगळी गल्ली त्यांना साहेब म्हणत होती. डॉक्टरांनी पेंडीच्या बाधेचं औषध दिलं. सुंदरराव मागच्या मागं घरी आले.

कालवड जगली, पण दोन दिवसांनी गाभडली.

मग सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली. पेंड वाटायचं काम रामहरीकडं. रामहरी सोसायटीचा सेक्रेटरी, गरीब गाय, कुणाच्या अध्यात नाही का मध्यात नाही. तो म्हणाला, "माझी जनावरं बी तीच पेंड खात्यात की."

"तुझ्या घरची पेंड येगळी आसंल बे," कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली. वाईट हसली. मग सगळ्यांनी माना वळवल्या. "साहेब, तुमी सांगा. तुमी मशिनीतलं जाणता, औषधातलं जाणता. पेंडीतच हाय ना दोष?"

चोराच्या मनात चांदणं. सुंदररावांना वाटलं, सगळ्यांना आपल्या बोटांवरचे तेजाबाचे डाग दिसताहेत. त्यांनी हात खिशात घातले. आणि कारखान्यात साहेब लोक बोलायचे तसल्या आवाजात ते म्हणाले, "नमुना तपासायला पाठवू. तोवर गोदामाच्या किल्ल्या रामहरीनं माझ्याकडं द्याव्यात."

रामहरीनं किल्ल्या दिल्या. त्यांच्याकडं बघत दिल्या. सुंदररावांनी त्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या. घरापर्यंत त्या वाजत होत्या.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना सत्यभामाबाई म्हणाली, "त्या दिवशी तुमचं पातेलं मीच वतलं डोणीत. निव्वळ पाणीच होतं ना ते?"

हीच वेळ होती. बायको समोर, दार लोटलेलं, ऐकायला तिसरं कुणी नाही. माणसाला ह्याहून सोपी जागा देव देत नाही. सुंदरराव भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत राहिले आणि म्हणाले, "निव्वळच की."

"मग बरं," ती म्हणाली. "माझ्या जिवाला घोर लागला होता." आणि ती त्या दिवशी पोटभर जेवली. ते पोटभर जेवणं सुंदररावांना तिच्या कुठल्याही शिवीपेक्षा लागलं.

पुढचे दिवस त्यांनी इंजिनात डोकं खुपसलं. खोक्यावर चिडता येत होतं, एवढं एक बरं होतं. ड्रायव्हरच्या खोलीचा पत्रा पुन्हा तिरका बसला, पुन्हा वितळवला, पुन्हा डाग दिला, पातेल्यात बुडवून खळबळला. किल्ल्या खिशातच होत्या. इंजिन पुसायला कोरडं फडकं हवं म्हणून ते आत गेले. बाहेर आले तर पातेलं नव्हतं.

गल्लीत टँकर आलेला. घागरी, हंडे, बाया, बाप्ये, सगळं गाव दारात. आणि त्या गर्दीतून सत्यभामाबाई दोन्ही हातांत पातेलं धरून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत मनकर्णेच्या दाराकडं निघाली होती. कालवड उभी होती, हाडांचा सापळा, मान लांब करून. मनकर्णा कितीतरी दिवसांनी हसत होती. "या काकू. आज पानी मागायलीय बघा. आज जीभ बाहेर काढलीय तिनं."

सुंदरराव अनवाणी पळाले. पळतानासुद्धा त्यांच्या मनात खोटं तयार होत होतं: साबण पडलाय म्हणावं, रॉकेल सांडलंय म्हणावं. पातेलं डोणीवर तिरकं झालं तेव्हा त्यांनी ते बायकोच्या हातातून हिसकलं. पाणी मातीत सांडलं. टँकरच्या रांगेतला गलबला थांबला. त्या वर्षी पातेलंभर पाणी सांडणं हा गुन्हाच होता.

"कावून?" सत्यभामाबाई म्हणाली. "काय झालं?"

साबण, रॉकेल, सगळं जिभेवर होतं. कालवडीनं मान खाली घालून ओली माती हुंगली, चाटायला जीभ काढली. जिभेवरचे फोड अजून बरे झाले नव्हते. सुंदररावांनी पायानं माती लोटली आणि कालवडीच्या तोंडाला आडवा हात घातला.

"तेजाब हाय त्यात," ते म्हणाले. "त्या दिवशीच्या पाण्यात बी होतं. पेंडीत काय न्हाई. रामहरीचं काय चुकलं न्हाई."

मनकर्णा आधी डोणीकडं बघत राहिली, मग कालवडीच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडं. सत्यभामाबाईचे हात अजून पातेलं धरल्यासारखेच पुढं होते.

"मी ईचारलं होतं तुमाला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि घरात गेली.

सुंदरराव तसेच अनवाणी रामहरीकडं किल्ल्या घेऊन गेले. त्यांना वाटलं होतं, तो शिव्या देईल, निदान दार लावून घेईल. रामहरीनं किल्ल्या घेतल्या आणि म्हणाला, "बसा साहेब, च्या घेता का?" सुंदररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चेअरमनकीचा राजीनामा त्यांनी दिला. राहू द्या, असं म्हणायला कुणी पुढं आलं नाही. डोणी त्यांनी स्वतः विटेच्या भुकटीनं घासली, त्यासाठी आपल्या वाटणीचं प्यायचं पाणी वापरलं. तेजाबाची बाटली गावाबाहेर पुरली. इंजिन फळीवर ठेवलं. शेवटच्या डागानंतर पुसायचं राहून गेल्यामुळं ते हिरवं पडत चाललं. सुटली का गाडी, असं आता कुणी विचारत नाही.

गल्लीची रीत पुन्हा सुरू झाली. सत्यभामाबाई रोज तांदळाचं धुवण घेऊन डोणीशी जाते. ओतण्याआधी ओंजळ बुडवते आणि मनकर्णेसमोर त्यातला घोट स्वतः पिते. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. मनकर्णेनंही कधी मागितलेलं नाही. पण ती नकोही म्हणत नाही. घोट पोटात गेला की मग पाणी डोणीत जातं, आणि कालवड तोंड घालते.

सुंदररावांनी हे ओसरीवरून बरेच दिवस पाहिलं. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, ती त्यांच्या शब्दापायी रोज गल्लीत उभी राहून धुवण पीत होती. एके सकाळी त्यांना ते बघवेना. ते उठले, डोणीशी गेले आणि बायकोपुढं ओंजळ धरली. "आण," ते म्हणाले. "आजपासून मी पितो."

सत्यभामाबाईनं मनकर्णेकडं पाहिलं. मनकर्णा कालवडीची मान खाजवत होती. ती रागावलेली नव्हती. आवाजही चढवला नाही तिनं.

"न्हाई काका," ती म्हणाली. "काकूंनाच पिऊ द्या."

सुंदररावांनी ओंजळ खाली घेतली. सत्यभामाबाई घोट प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि पाणी डोणीत ओतलं.