बैलांना आवतण

पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जाणार, यावरून बद्रीनाथ आणि त्याचा चुलतभाऊ तातेराव दरवर्षी हमरीतुमरीवर यायचे. गेल्या पोळ्याला तर काठ्या चालल्या. बद्रीनाथच्या पोराचं, कल्याणचं डोकं फुटलं, कुंभार पिंपळगावला नेऊन टाके घालावे लागले आणि गावानं ते भांडण मोबाईलवर चवीनं पाहिलं. यंदा बद्रीनाथ बैलं धुवायची सोडून काठीला तेल पाजत बसला होता. ते बघून त्याच्या बायकोचा, गोजरबाईचा जीव थाऱ्यावर राहिना.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." गोजरबाईनं घरच्या बैलांना सांगितलं आणि उरलेलं लोणी घेऊन ती तडक तातेरावच्या गोठ्यात शिरली.

"वहिनी, काय करून राह्यल्या?" तातेराव ओरडला.

"आवतण देऊन राह्यले. यायचं नसंल तर बैलानं सांगावं. तुम्ही कशाला मधी बोलता, भावजी?"

दिलेलं आवतण बैलाच्या कानातून काढायचं कसं, हे तातेरावला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी बद्रीनाथ उडालाच. "त्याचे बैल माझ्या दारात?"

"मंग जा अन् सांगा त्यांच्या कानात, येऊ नका म्हणून. सणाला बोलावलेला नंदी माघारी फिरवा, मी बघते."

दुसऱ्या दिवशी वेशीत डफडं वाजू लागलं. पोरांनी मोबाईल आधीच वर धरले होते. बद्रीनाथनं घसा खाकरला. "तात्या, तुझे बैल आज माझे पाव्हणे. तेच पहिले जातील."

तातेराव थोडाच कमी मानी! "न्हाई दादा, घरधन्याच्या आधी पाव्हणा घुसतो का? पहिले तुमचे."

"तुझेच!"

"बिलकुल न्हाई!"

आवाज चढले. गोजरबाईला हसू फुटलं, पण दोघांच्या मुठी काठ्यांवर आवळलेल्या दिसल्या आणि ते लगेच विरलं. मोठेपणा देण्यापायीसुद्धा हे एकमेकांची डोकी फोडतील!

ती गर्दीतून पुढं घुसली, दोघांच्या हातांतले कासरे हिसकून घेतले आणि दोन्ही जोड्या बरोबरीनं घेऊन तोरणाकडं निघाली. आजवर त्या वेशीतून बाईमाणसानं बैल नेले नव्हते. बैल मात्र निमूट चालले.

"अगं, मान कुणाचा झाला मंग?" बद्रीनाथ मागून ओरडला.

"माझा," ती न वळता म्हणाली. "कुणाला भांडायचं असंल त्यानं माझ्याशी भांडावं."

तेवढी हिंमत दोघांतही नव्हती. ते मुकाट तिच्यामागं चालू लागले.